न लावता उगवलेलं झाड: ठेवायचं की काढायचं, आणि काढायचं तर कसं

पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत कुंड्यांत, वाफ्यांत, फरशीच्या फटींत हिरवे ठिपके वर येतात. आपण यातलं काहीच पेरलेलं नसतं. मग बहुतेक घरी दोनपैकी एक होतं. एक तर सरसकट खुरपं फिरतं आणि तणाबरोबर सदाफुली, पपई, तुळशीची रोपंही जातात. नाहीतर ‘येऊ दे, बघू काय निघतंय’ म्हणता म्हणता श्रावण उजाडतो आणि तोवर वाफ्यात लव्हाळ्याशिवाय काही दिसत नाही.

अशा रोपांच्या बाबतीत लोक नावावर फार अडून बसतात. फोटो काढून दहा जणांना पाठवतात, दहा उत्तरं येतात. नाव कळलं तर चांगलंच, पण कामाचा प्रश्न वेगळा आहे: हे पसरतं कशाने? बियांनी, जमिनीवरून धावणाऱ्या फांद्यांनी, जमिनीखालच्या गाठींनी, की पक्ष्यांच्या पोटातून? नाव माहीत नसतानाही याचं उत्तर रोपाकडे पाहून मिळतं, आणि काढायची रीत त्या उत्तरावरच ठरते. गाजर गवत आणि लव्हाळा, दोन्ही तणच. पण गाजर गवत मुळासकट उपटलं की ते रोप संपलं. लव्हाळा नुसता ओढून काढला तर पंधरा दिवसांत त्याच जागी एकाचे तीन दिसतात.

पुढचं सगळं पुणे, मुंबई, कोकण या पट्ट्यातल्या घरगुती बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातही झाडं बहुतेक हीच आहेत, पावसाचं वेळापत्रक तेवढं मागेपुढे.

आधी जागा बघा

रोप कुठे उगवलंय यावरून ते आलं कसं याचा अंदाज येतो. विजेच्या तारेखाली, कुंपणालगत, मोठ्या झाडाच्या फांदीखाली उगवलेलं रोप बहुधा पक्ष्याने आणलेलं: कढीपत्ता, घाणेरी, तोंडली, मायाळू, उंबर, पिंपळ. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या कुंडीत मुख्य रोपाच्या बुडाशी काही उगवलं, तर ते नर्सरीच्या मातीतून आलंय. शेणखत घातल्यावर दोन आठवड्यांत वाफाभर माठ आणि गवतं उगवली, तर खत कच्चं होतं; जनावराच्या पोटातून न पचता आलेल्या बिया त्यात शाबूत होत्या. घरच्या कंपोस्टमधून टोमॅटो, मिरची, पपई, भोपळा येतात. फरशीच्या फटीत एक तर वाऱ्यावर आलेली एकदांडी असते, नाहीतर वरच्या कुंडीतून गळलेली सदाफुली.

संख्याही बघा. एकाच जागी सारख्या चेहऱ्याची पन्नास-साठ रोपं दाटीने आली असतील, तर गेल्या मोसमात तिथेच कुणीतरी बी गाळलंय. रोपं रांगेत, ठरावीक अंतरावर असतील, तर एक हलवून बघा. शेजारचं हललं तर ती सगळी मिळून एकच झाड आहेत.

मग हातात घ्या

उगवताना दिसणारी पहिली दोन पानं म्हणजे बीजपत्रं. ती बहुतेक झाडांची सारखीच दिसतात आणि हमखास फसवतात. त्यांच्यानंतरची चार खरी पानं येईपर्यंत थांबा. शंका असलेल्या रोपाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून ठेवली, की खुरपणाऱ्या मावशींनाही कळतं याला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत फारसं बिघडत नाही. अपवाद लव्हाळ्याचा, त्याला आठवडासुद्धा देऊ नये.

चार पानं आली की खोड अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळ्याचं घराणं. चार कडा लागल्या आणि पानाला वास असेल तर तुळस-पुदिन्याचं. मग एक पान तोडा. पांढरा चीक आला तर दुधी नावाचं तण, रुई, पपई, उंबर, पिंपळ यांपैकी कुणीतरी. पानं खोडावर समोरासमोर आहेत की एक इकडे, एक तिकडे, हेही बघा. शेवटी त्यातलं एक रोप मातीच्या गोळ्यासकट खणून काढा आणि मूळ पाण्यात धुवा. सरळ खाली गेलेलं एकच मूळ, आडवी दोरी की दोरीला लटकलेली गाठ, हे कळलं की निम्मं काम झालं.

ही तपासणी सगळ्यात उपयोगी पडते ती गाजर गवत आणि झेंडू यांच्यात. लहानपणी दोघांची पानं कातरलेली. कॉसमॉस आणि शेवंतीही त्याच घोळात येतात. झेंडू आणि कॉसमॉसची पानं खोडावर समोरासमोर येतात, आणि झेंडूचं पान चुरगाळलं की वास लपत नाही. गाजर गवत सुरुवातीला जमिनीला चिकटून पानांचा चक्राकार झुबका करतं, पानं राखाडी छटेची आणि बारीक लव असलेली, एकाआड एक. शेवंतीची पानंही एकाआड एकच असतात, पण जाड आणि शेवंतीच्याच वासाची. शिवाय शेवंती सहसा बियांनी न येता जुन्या झाडाच्या बुडातून फुटते, म्हणजे आईझाड शेजारीच असतं.

मोबाइलवरची अॅप वापरावीत. आयनॅचरलिस्ट, प्लांटनेट, गूगल लेन्स यांना फुलाचा आणि पूर्ण पानाचा स्पष्ट फोटो दिला तर अंदाज चांगला येतो; चार पानांच्या रोपाला मात्र ती वाट्टेल ते नाव देतात. अॅपने खाण्याजोगं म्हटलं म्हणून कुठलीही वनस्पती तोंडात घालू नये. धोतरा, गुंज, एरंड ही तिन्ही विषारी झाडं आपोआप उगवतात, आणि धोतऱ्याचं कोवळं रोप वांग्याचं समजून वाढवणारे लोक असतात. धोतऱ्याचं पान चुरगाळल्यावर उग्र, नकोसा वास येतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर ही तिन्ही पहिल्या दिवशीच काढा.

बियांनी पसरणारी

गाजर गवत, आघाडा, एकदांडी, टाकळा, ओसाडी, सुबाभूळ. यांच्यासाठी नियम एकच आहे: फूल यायच्या आत काढा. आणि काढायचं ते वाफशावर. पाऊस थांबून दोन दिवस गेले, माती मुठीत घेतली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, तेव्हा मूळ सबंध येतं. चिखलात उपटलं तर मातीचा ढेकूळ सोबत येतो आणि शेजारचं चांगलं रोपही हलतं. कोरड्या जमिनीत खोड तुटतं, मूळ आत राहतं.

गाजर गवताची गोष्ट पुण्याची आहे. 1955-56च्या सुमारास त्याची पुण्यात नोंद झाली आणि पुढे ते देशभर गेलं. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. काँग्रेस गवत हे नावही त्याच काळातलं. एक जोमदार झाड 15 ते 25 हजार बिया देतं, म्हणून कुंपणालगतचं एक झाड चुकवून चालत नाही. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने अनेकांच्या कातडीला खाज, चट्टे, सूज येते आणि परागकणांनी नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. एकदा सुरू झालेली ॲलर्जी पुढे वाढतच जाते, तेव्हा ‘मला काही होत नाही’ म्हणून उघड्या हाताने उपटू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलोरा असेल तर तोंडाला फडकं, आणि काम झाल्यावर कपडे लगेच धुवायला. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली तर झाड नीट न्याहाळा. मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेला, भाताच्या दाण्याएवढा भुंगेरा दिसेल. हा मेक्सिकन भुंगेरा गाजर गवतावरच्या जैविक नियंत्रणासाठी देशात आणला आणि 1984मध्ये बंगळुरूजवळ सोडला. आता महाराष्ट्रातही तो सगळीकडे दिसतो. कीड समजून त्याच्यावर औषध मारू नका. फक्त तो पावसाळा सरला की जमिनीत जाऊन बसतो आणि नंतर उगवलेलं गवत मोकळं सुटतं, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आंबुशीचं बी निराळं वागतं. तीन बदामी पानांची, पिवळ्या इवल्या फुलांची ही वनस्पती सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या शेंगा उभ्या, मेणबत्तीसारख्या असतात. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती उकलते आणि तांबूस, खरखरीत बिया टपटप हातावर उडतात, हातभर लांबच्या कुंडीतही पडतात. शेंगा धरलेली आंबुशी उपटायला गेलं की उपटण्याच्या झटक्यानेच ती पेरली जाते. अशा वेळी आधी झाडावर ओलं फडकं टाका, फडक्यासकट मुठीत धरा आणि मग ओढा. तेरड्याच्या फुगलेल्या बोंडांचंही असंच.

सुबाभळीचं रोप करंगळीएवढं असेल तोवर हाताने निघतं. गुडघ्याएवढं झालं की पहार लागते, आणि नुसतं छाटलं तर बुडातून चार फांद्या फुटतात. शेजारच्या प्लॉटवर सुबाभूळ असेल तर दर पावसाळ्यात एक चक्कर केवळ तिच्यासाठी मारावी.

दोरीने पसरणारी

हरळी, वेडेलिया, पुदिना, आणि आंबुशीसुद्धा. ती बियांबरोबर जमिनीवरूनही धावते. यांच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. खुरप्याने घाव घातला की एका दोरीचे सहा तुकडे होतात आणि सहाही जगतात. म्हणून इथे कापणं बंद. दोरीचं टोक शोधा, एका हाताने उचलत आणि दुसऱ्या हाताने खुरप्याच्या टोकाने पेर सोडवत आईझाडापर्यंत जा. काम वेळखाऊ आहे, पण एकदाच करावं लागतं. केना काढतानाही असंच सांभाळा. निळ्या फुलांच्या या लुसलुशीत वनस्पतीचे तुकडे ओल्या मातीवर पडले तर पुन्हा रुजतात, आणि त्यावर कडी म्हणजे केना जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरून तिथेच बी तयार करतो. वरून स्वच्छ दिसणारा वाफा पुढच्या जूनला परत केन्याने भरतो तो त्यामुळे.

वेडेलियाबद्दल थोडं कडक बोलतो. पिवळ्या डेझीसारख्या फुलांचं, चकचकीत पानांचं हे आच्छादनाचं झाड नर्सरीवाले आनंदाने देतात, कारण ते मरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. बंगल्याच्या कुंपणाबाहेर, ओढ्याकाठी टाकलेल्या छाटणीतून ते बेफाम पसरतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते सिमेंटच्या कडांनी बांधलेल्या वाफ्यात ठेवावं आणि छाटणी बाहेर टाकू नये. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आणू नये. पुदिना लावायचा तर कुंडीतच, आणि कुंडी मातीवर न ठेवता फरशीवर किंवा विटेवर. तळाच्या भोकातून तो खाली उतरतो.

हरळी मात्र मी एका कोपऱ्यात मुद्दाम राखतो. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुडीला बाजारात काय भाव येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते, म्हणून कुंपणाशी आघाड्याचीही एक-दोन रोपं ठेवायला हरकत नाही. गौरी-गणपती झाले की आघाडा मुळासकट काढायचा. त्यानंतर त्याचा तुरा खाली वळतो आणि बिया येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायजम्याला, कुत्र्याच्या अंगाला चिकटून सगळ्या बागेत फिरतात.

जमिनीखालचे: लव्हाळा

यावर मोठा वेळ खर्च करावा लागतो, म्हणून सविस्तर.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण बोटांत फिरवला की तीन कडा लागतात आणि पानं तीन दिशांना फुटलेली दिसतात. एक लव्हाळा मातीच्या गोळ्यासकट हळूच उचला. खोडाच्या तळाशी एक फुगीर गाठ असते. तिच्यातून सुतळीहून बारीक, तपकिरी, चिवट तंतू आडवा निघतो. माती बोटांनी बाजूला करत त्याच्या मागे जा. वीतभर अंतरावर दुसरी गाठ लागते, काळपट, बोराच्या बीएवढी, खवले असलेली. ती फोडली की आत पांढरी आणि वास ओळखीचा, उटण्यातल्या नागरमोथ्याचा. तंतू तिथे थांबत नाही, पुढे तिसऱ्या गाठीकडे जातो. एका माळेतली पुढची गाठ जिवंत असेपर्यंत मागच्या गाठी बऱ्याचदा झोपलेल्या असतात. वरून ओढलं की तंतू तुटतो आणि त्या एकेक करून जाग्या होतात. उपटल्यावर लव्हाळा वाढतो तो असा.

त्यामुळे इलाज दोन आहेत, आणि दोन्हींना चिकाटी लागते.

पहिला खणण्याचा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. छोटा वाफा असेल तर एप्रिल-मेमध्ये तो टिकावाने फूटभर खणा, माती चाळणीतून काढा, गाठी वेगळ्या करा आणि पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर कडक उन्हात दोन आठवडे पसरून ठेवा. गाठ आतपर्यंत सुकली की मरते. सावलीत किंवा ओल्या पोत्यावर ठेवली तर महिन्याभरानेही फुटते. कुंडीत लव्हाळा असेल तर कुंडी उलटी करून सगळी माती बदलणं सोपं पडतं. ती जुनी माती बागेत दुसरीकडे टाकू नका.

दुसरा इलाज उपाशी ठेवण्याचा. वाफ्यात कायमची झाडं असतील, खणता येत नसेल, तर लव्हाळा चार-पाच पानांचा झाला की जमिनीलगत कापा. पानांनी अन्न बनवून गाठीत परत साठवायच्या आत कापायचं, म्हणजे पावसाळ्यात साधारण दर दोन आठवड्यांनी. गाठीतला साठा संपेपर्यंत हे चालू ठेवावं लागतं आणि एका मोसमात ते पुरं होत नाही. सोबत सावली करा. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. रताळी, भोपळा, चवळी असे जमीन झाकणारे वेल त्यावर सोडले की त्याचा जोर दिसण्याइतका कमी होतो. काळा प्लास्टिक कागद अंथरून उपयोग होत नाही, टोकदार कोंब तो भोसकून वर येतात.

मोठ्या पानांच्या, गुलाबी-जांभळ्या फुलांच्या आंबुशीखाली लहान लहान पांढरट कांद्यांचा घोस असतो. ओढली की कांदे सुटून मातीत राहतात. तिला खुरप्याने खालून उचलूनच काढायचं. गुलबक्षीचं मूळ गाजराएवढं, जुनी असेल तर मुळ्याएवढं जाड होतं आणि वरचं झाड हिवाळ्यात वाळलं तरी ते जिवंत राहतं. नको असेल तर मूळ खणा, हवी असेल तर काळ्या मिरीसारख्या बिया गळण्याआधी गोळा करा.

पक्ष्यांनी आणलेली

गच्चीच्या कठड्यातला पिंपळ हा शहरातल्या घरांचा खरा त्रास आहे. तो आठ-दहा पानांचा असताना, भर पावसात, भिंत भिजलेली असताना हलकेच ओढला तर सगळा येतो. खोड पेन्सिलीएवढं झालं की मूळ प्लास्टरच्या मागे गेलेलं असतं आणि ओढलं तर वरच तुटतं. मग भिंतीशी सपाट कापा, दर पंधरवड्याला फुटलेले कोंब खुडत राहा, आणि पावसाळा संपल्यावर गवंड्याकडून तेवढं प्लास्टर फोडून मूळ काढून फट भरून घ्या. ॲसिड ओतायचा सल्ला सर्रास मिळतो. ॲसिड सिमेंट खातं आणि आतल्या सळईला गंज चढवतं. पिंपळाने जे दहा वर्षांत केलं असतं ते लवकर होतं.

पिंपळ उपटायला बऱ्याच घरांत कोणी तयार नसतं. त्याला सोपी वाट आहे. लहान रोप मुळासकट काढून पिशवीत लावलं तर छान जगतं, आणि वर्षभरात एखाद्या मोकळ्या मैदानात, देवळाच्या आवारात, इमारतीपासून लांब लावता येतं. अंगणात आधीच मोठं झालेलं झाड असेल तर परस्पर तोडू नका. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

कढीपत्त्याची रोपं दोन वाटांनी येतात. बुलबुलाने टाकलेल्या बीचं रोप एकटं आणि झाडापासून दूर असतं. मुळातून फुटलेला कोंब मोठ्या झाडाच्या आसपास. कोंब कुदळीने मुळापासून तोडून शेजाऱ्यांना देता येतो. एखादं रोप सुरवंटांनी कुरतडलेलं दिसलं तर तेवढं राहू द्या, मॉर्मन जातीची फुलपाखरं त्यावर अंडी घालतात.

कोकणातल्या आंब्याच्या बागायतदारांना बांडगूळ नवीन नाही, पण परसातल्या एकुलत्या आंब्याकडे कोणी वर बघत नाही. फुलटोच्या हा इवला पक्षी बांडगुळाचं फळ खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. बी तिथेच रुजतं आणि फांदीच्या आत मूळ घुसवतं. नुसतं बांडगूळ ओरबाडून काढलं तर ते पुन्हा फुटतं. ज्या जागी फांदी सुजलेली दिसते तिच्या फूटभर अलीकडे, खोडाच्या बाजूला, फांदीच कापावी लागते. अमरवेलीचंही तसंच. मेंदीच्या कुंपणावर पिवळ्या शेवया पसरल्यासारखी ती दिसते. तिला सोडवत बसू नका, एक तुकडा राहिला तरी पुरतो. तिच्यासकट कुंपणाच्या फांद्या कापा, आणि ती फुलायच्या आत.

काय ठेवायचं

सदाफुली, तेरडा, कॉसमॉस, तुळस ही आगंतुक असली तरी फुकटची रोपवाटिका आहे. चार-सहा पानं झाली की संध्याकाळी, ढगाळ दिवशी हलवा. जागेनुसार मोजकी ठेवा, बाकीची वाटा. एकदांडी सगळी काढायचा हट्ट मी धरत नाही. पाण्याशिवाय ती फुलते आणि फुलपाखरं तिच्यावर बसतात. वाफ्याबाहेर असू द्यावी.

खाण्याजोग्यांत घोळ, टाकळा, कुर्डू, तांदुळजा, केना. टाकळा आणि कुर्डू पावसाच्या सुरुवातीला, कोवळे असतानाच. फुलावर आले की भाजी चोथट होते. घोळ आणि जमिनीलगत पसरणारी दुधी लांबून सारखी वाटतात. देठ तोडा: घोळीचं देठ जाड, गुळगुळीत, आत पाणी, चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. घोळीत ऑक्झलेट बरंच असतं, मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावी. रस्त्याकडेच्या, सांडपाण्याजवळच्या, औषध फवारलेल्या जागेवरचं काहीच घेऊ नये.

आपोआप आलेल्या वेलीच्या दुधी भोपळा, काकडी, दोडक्याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. परागीकरणात शेजारची कडू जात मिसळलेली असू शकते, त्यामुळे बी घरच्या गोड दुधीचं असलं तरी फळ कडू निघतं. कापल्यावर एक बारीक तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका. हा कडवटपणा मीठ-गूळ घालून किंवा शिजवून जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत.

आगंतुक पपई ठेवायची तर तीन-चार रोपं जवळजवळ वाढू द्या आणि फुलं येईपर्यंत थांबा. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे घोस आले ते नर, ते काढा. टोमॅटोची पानं वळलेली, गोळा झालेली दिसली तर ते रोप लगेच उपटा. तो बोकड्या रोग पांढऱ्या माशीतर्फे लावलेल्या टोमॅटोवरही जातो.

काढलेलं टाकायचं कुठे

फुलण्याआधी काढलेलं, गाठी-दोऱ्या नसलेलं तण जागेवरच उलटं पसरलं तर चालतं, उत्तम आच्छादन होतं. बी धरलेलं घरच्या कंपोस्टमध्ये नको. बिया मरायला ढीग आतून 55-60 अंश सेल्सिअसपर्यंत तापून तसा काही दिवस राहावा लागतो आणि घरगुती ड्रममध्ये ते क्वचितच होतं. अशा तणासाठी, आणि हरळी-लव्हाळ्यासाठीही, पाण्याची बादली बरी. त्यात बुडवून, वर वीट ठेवून तीन-चार आठवडे कुजवा आणि ते पाणी दहापट पातळ करून झाडांना घाला. वास भयंकर येतो, आणि बादलीला बारीक जाळी घट्ट बांधली नाही तर डासांची पैदास होते. पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला येणारे आधी तीच बादली उघडतात.

फवारणीचं काय

घरगुती बागेत तणनाशक मारू नये असं माझं मत आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल तर 2022 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. दुकानातून बाटली आणून कुंड्यांत मारणं त्यात बसत नाही. घरगुती युक्त्यांपैकी उकळतं पाणी पेव्हर ब्लॉकच्या फटींत चांगलं चालतं. व्हिनेगरने फक्त कोवळी रोपं करपतात. मिठाचं पाणी गाजर गवतावर मारतात ते पडीक जागेवर. वाफ्यात मारलं तर तण जाईल आणि पुढे तिथे दुसरंही काही धड येणार नाही.

येण्याचा रस्ता अडवणं

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणीआधी, तयार वाफ्याला चांगलं पाणी द्या आणि दहा-बारा दिवस तसाच ठेवा. वरच्या थरातलं बहुतेक बी उगवून येतं. मग खुरप्याने वरवर, अर्धा इंच खरवडा. खोल खणलं तर खालचं झोपलेलं बी वर येतं आणि सगळं पहिल्यापासून. त्यानंतर लावणी करून झाडांभोवती दोन-तीन इंच पालापाचोळा घाला, खोडाला चिकटू न देता. जुलैत तो बसून निम्मा होतो, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते.

शेणखत घेताना मूठभर हातात चुरडा. भुसभुशीत, काळं, मातीच्या वासाचं असेल तरच घ्या. शेणाचा वास आणि गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर ते आणखी दोन-तीन महिने ओलं करून झाकून ठेवावं लागेल.

नर्सरीतून आणलेलं रोप थेट वाफ्यात लावू नका. दोन आठवडे वेगळं, फरशीवर ठेवा. वरची इंचभर माती काढून टाका. काचेसारख्या पारदर्शक देठांची, बदामी पानांची जी चिमुकली रोपं नर्सरीच्या प्रत्येक कुंडीत असतात त्यांचं बी याच थरात असतं. लावताना पिशवी फाडली की मातीच्या गोळ्याच्या कडेने बोट फिरवा. तपकिरी तंतू किंवा काळी गाठ लागली तर सगळी माती बादलीत धुवून काढा, मुळं मोकळी करा आणि मगच लावा. रोप दोन-चार दिवस मान टाकेल, सावलीत ठेवलं तर सावरतं. धुतलेलं पाणी आणि गाळ मोरीत ओतू नका, गाळ उन्हात वाळवा.